गणपती झाले की बघू

नागपंचमीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी केमो बंद करायला सांगितलं. गोजराबाईंना बाहेर व्हीलचेअरवर नातीजवळ, जाईजवळ बसवलं होतं. आत डॉक्टरांसमोर त्यांचा मुलगा मिथुन आणि सून प्रिया. गर्भपिशवीतला आजार मणक्यापर्यंत पोचला होता. आणखी औषध दिलं तर नुसता त्रास होईल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी एका कागदावर नंबर लिहून दिला. तळोज्याच्या पुढे एक केंद्र आहे, ज्यांचं दुखणं बरं होण्यातलं नाही अशांना तिथे ठेवून घेतात, वेदना आटोक्यात आणतात. हॉस्पिस म्हणतात त्याला.

"एकदा जाऊन बघून या," डॉक्टर म्हणाले. "फार उशीर करू नका."

मिथुननं कागद न वाचताच घडी घालून खिशात ठेवला.

परतताना वाशीच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागच्या सीटवरून गोजराबाईंनी विचारलं, "डाक्टर काय बोल्ला रं?"

"काय नाय. जरा ताकद येऊ दे, मग परत चालू करू बोलला."

"बरा," त्या म्हणाल्या, आणि काचेतून बाहेर बघत राहिल्या. शेजारी बसलेल्या प्रियानं त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली. खरं काय ते सुनेनं सांगावं अशी ती गोष्टच नव्हती.

सानपाड्याच्या गावात त्यांची चार माळ्यांची इमारत होती. वर भाडेकरू आणि तळमजल्यावर घर. गोजराबाईंनी तरुणपणी मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्यांच्या टाचांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. नवरा देवजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. देवजींनी शेवटचे अकरा दिवस आयसीयूत काढले. घरच्यांना काचेबाहेरून दिवसातून दोनदा बघायला मिळायचं. बाराव्या दिवशी हॉस्पिटलनं बोलावलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. मिथुनचा कळंबोलीला स्टील मार्केटमध्ये ट्रेलरचा धंदा होता. बापाला शेवटी बघायला मिळालं नाही हे तो कधी बोलून दाखवत नसे, पण त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानं तो अजून गाडी घालत नव्हता.

आता तो घरी आला की एका जागी बसत नसे. आईच्या खोलीच्या दारात यायचा, "काय गं, बरं हाय ना?" विचारायचा, उत्तर यायच्या आत फोन कानाला लावून ओटीवर जायचा. तिथून परत आत. चहा केला तर अर्धा कप तसाच राहायचा.

प्रियाचा दिवस गोजराबाईंच्या खाटेभोवती फिरायचा. त्यांना कुशीवर करायचं, डायपर बदलायचा, अंग पुसायचं, तांदळाची पेज भरवायची. दुखण्याच्या गोळीचा असर चार तास टिकायला हवा होता, तो दोन तासांतच उतरायचा. मग गोजराबाई दात आवळून पडायच्या. ओरडायच्या नाहीत. उजव्या हातानं खाटेची लोखंडी कड धरायच्या आणि सोडायच्या, धरायच्या आणि सोडायच्या. स्वयंपाकघरात असलं तरी प्रियाला लोखंडावर बांगडी वाजल्याचा तो आवाज ऐकू यायचा.

लग्न होऊन आली तेव्हापासून वीस वर्षं या दोघींचं कधी धड पटलं नव्हतं. माशांच्या कालवणात चिंच किती घालायची यावरूनसुद्धा दोन-दोन दिवस अबोला व्हायचा. आणि आता प्रिया त्यांची नखं कापत होती.

डॉक्टरांकडून आल्यावर आठवड्यानं तिनं मिथुनला विचारलं, "तो नंबर दिलेला. फोन करायचा का?"

"कशाला?"

"नुसतं विचारायला."

"गणपती झाले की बघू," मिथुन म्हणाला. "गणपतीत आई घरात नाय, असं झालंय का कधी?"

ते खरंच होतं. पण तिच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आईंना तिकडे न्यावं असं आपल्याला वाटतं, ते आईंचं दुखणं बघवत नाही म्हणून, की आपली कंबर गेली म्हणून? दुपारी भांडी घासताना ती याचा विचार करायची. एकदा वाटायचं आईंसाठीच. लगेच पुढच्या ताटाला वाटायचं, खोटं बोलतेस. उत्तर येत नव्हतं आणि विचार थांबत नव्हता. कपडे वाळत घालता घालता ती मधेच आत येऊन त्यांचा श्वास बघायची, मग परत दोरीकडे. आपण का आलो होतो हे विसरायची.

त्याच आठवड्यात भागीरथीकाकू भेटायला आली. मिठागरात ती आणि गोजराबाई एकाच टोळीत काम करायच्या. खाटेजवळ बसून तिनं गोजराबाईंचे पाय चोळले आणि जाताना ओटीवर प्रियाला म्हणाली, "बरा करतंस पोरी. त्या पलीकडच्या आलीतल्यांनी म्हातारीला आश्रमान नेऊन टाकली. चार माले बांधले, न् एका खाटंला जागा नाय. गाव थुकते त्यांच्यावर."

प्रियानं मान हलवली.

श्रावण संपत आला तेव्हा एके दिवशी तिनं "दाताला जाऊन येते" असं घरी सांगितलं, जाईला खाटेजवळ बसवलं आणि स्कूटर काढून एकटीच तळोज्याच्या पुढे गेली. नंबर तिनं मिथुनचा शर्ट धुवायला टाकताना उतरवून घेतला होता.

केंद्र बैठं होतं. मोठ्या खिडक्यांचे दोन हॉल आणि प्रत्येकात आठ-नऊ खाटा. तिला वाटलं होतं तिथे रडारड असेल, किंवा मग एकदम सामसूम. एका खाटेवरचा माणूस मोबाइलवर क्रिकेटची मॅच लावून पडला होता आणि त्याची बायको त्याच्या डोक्याला तेल लावत होती. पलीकडे एक मावशी सिस्टरशी वाद घालत होती, भातात मीठ नाही म्हणून. फिनेलचा वास होता. प्रिया दारातच उभी राहिली. तिला पुढेही जाववेना, परतही फिरवेना.

तिथल्या डॉक्टरांचं नाव वैदेही. पन्नाशीच्या होत्या. त्यांनी फाइलचे फोटो बघितले आणि विचारलं, "गोळी कुठली देताय?"

प्रियानं नाव सांगितलं.

"एवढ्यानं नाही भागायचं. मणक्यात गेलंय ना. यांना मॉर्फिन लागेल. ते तुमच्या मेडिकलात मिळणार नाही, आमच्याकडे असतं. खाता येतं का?"

"पेज खातात. पण डॉक्टर, आणायचं कधी? म्हणजे, शेवटी शेवटी ना?"

"सगळे तसंच समजतात. शेवटच्या दिवशी आणतात आणि मग आमच्या हातात फारसं काही उरत नाही." त्यांनी फाइल मिटली. "हे बघा, इथे आणलं म्हणजे इथेच राहिलं पाहिजे असं नाही. आठ-दहा दिवस ठेवा. दुखणं बसलं की घरी न्या. परत लागलं तर परत या. आत्ता एक खाट रिकामी आहे. आज-उद्या आणलंत तर देते."

आज-उद्या. प्रिया गाडीजवळ येऊन किती वेळ हेल्मेट हातात धरून उभी होती. घरी जाऊन सांगायचं, असं तिनं कळंबोलीच्या पुलापर्यंत ठरवलं होतं. नेरुळ येईपर्यंत ते वाक्य तिनं चार तऱ्हांनी जुळवलं. घराच्या ओटीवर भागीरथीकाकू आणि आणखी दोघी बसल्या होत्या. मिथुन चप्पल घालून आत-बाहेर करत होता. "एवढा वेळ? दात काढला का?" त्यानं विचारलं.

"नाय. औषध दिलंय," प्रिया म्हणाली.

आतून बांगडीचा आवाज येत होता.

गणपती आले. पाच दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मिथुनची धाकटी बहीण चारुलता ऐरोलीहून मुलांना घेऊन आली. ती तिथल्या एका आयटी कंपनीत एचआरला होती. आरतीला गोजराबाईंना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्यांनी नवी साडी नेसली होती आणि हसत होत्या. लोक म्हणाले, "आईची तब्येत सुधारली वाटतं." प्रिया त्यांच्या मागे उभी होती. त्यांचा हात खुर्चीच्या कडेवर उघडझाप करत होता, तो तिला एकटीलाच दिसत होता.

गौरींच्या दिवशी प्रिया चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, तिखट नैवेद्यात अडकली होती म्हणून चारूनं आईचं अंग पुसायला घेतलं. थोड्या वेळानं ती स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात ओला टॉवेल होता.

"वहिनी, पाठीची जखम कधीपासून हाय?"

"आठ दिवस. मलम लावते मी. दर दोन तासांनी कुशीवर करते."

"रुपयाएवढी हाय ती. मला सांगायचं नाय? रोज फोनवर विचारते मी, तर म्हणतेस बरं चाललंय. तुझं लक्ष कुठं असतं?"

प्रियानं गॅस बंद केला. आपण काय बोलणार आहोत हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"माझं लक्ष?" ती म्हणाली. "मी तळोज्याला जाऊन आले त्या जागी, डॉक्टरांनी सांगितलेल्या. पंधरा दिवस झाले. खाट देत होते ते. दुखणं कमी करतात बोलले, आपल्या गोळीनं होणार नाय बोलले. मी घरी येऊन सांगितलं नाय. कारण मी सांगितलं तर सुनेनं सासूला बाहेर काढलं असं होणार. तुझी आई आहे, तू सांग. यांची आई आहे, यांनी सांगावं. मी कोण?"

आवाज ऐकून मिथुन आत आला होता. "तू आईला टाकायला जागा बघून आलीस? मला न सांगता?"

"टाकायला नाय."

"मग काय? गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाय तू माझी."

"दादा, हळू बोल," चारू म्हणाली. "आई ऐकेल."

मिथुन बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. चारूनं टॉवेल पिळला, परत पिळला. मग खालच्या आवाजात विचारलं, "खरंच कमी होतं दुखणं तिथं?"

"होतं म्हणाल्या डॉक्टर."

"मग मला का नाय सांगितलंस, वहिनी?" या वेळी तिचा आवाज भांडणाचा नव्हता.

विसर्जन झालं, पितृपक्ष लागला. आता तर विषयच नको, असं मिथुन म्हणाला. पंधरवड्यात कुणी कशाची सुरुवात करतं का? घट बसू देत. चारू रोज फोन करत होती आणि तो रोज तिला हेच सांगत होता. नवरा-बायकोत जेवणापुरतं बोलणं उरलं होतं. प्रियानं केंद्रात फोन करून विचारलं. ती खाट गेली होती. नाव लिहून ठेवतो, म्हणाले.

एका गुरुवारी जाईच्या कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. मिथुन मार्केटला गेला नव्हता, म्हणून प्रिया त्याच्या भरवशावर आईंना सोडून गेली. अडीच तासांनी परत आली तर मिथुन खोलीच्या बंद दाराबाहेर जमिनीवर बसला होता. त्याच्या शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या होत्या, बाजूला पाण्याची बादली, नवा डायपर. गालावर नखाचा ओरखडा होता.

"काय झालं?"

"तिला झालीय. मी साफ करतो म्हटलं. हात लावू देत नाय मला." तो बादलीकडे बघत बोलत होता. "मी म्हटलं, आई, मी तुझाच पोरगा हाय. तर तिनं मारलं मला. दार लाव म्हणाली. दोन तास तशीच पडलीय ती, प्रिया. दोन तास."

प्रिया आत गेली. गोजराबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तिनं सगळं साफ केलं, चादर बदलली, जखम पुसली. जखम आता रुपयाएवढी राहिली नव्हती. पुसताना गोजराबाईंनी तिचं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की तिची बांगडी वाढली.

सगळं झाल्यावर प्रिया खाटेच्या कडेला बसली. हात अजून ओले होते. सहा आठवडे जे मनात फिरत होतं ते आता तिला आवरेना.

"आई, एक विचारू?"

"इचार."

"तुमाला कुठं राहायचंय? इथं, का त्या तळोज्याच्या जागी?"

गोजराबाईंनी तिच्याकडे मान वळवली. "तू बघून आली ना?"

"तुमाला कोणी सांगितलं?"

"गौरीच्या दिशी भांडलात, ते सगला आयकला मी. डाक्टरच्या इथना आलू, त्या दिशी गारीन मिथुन खोटा बोल्ला, तवाच मना समजला व्हता. मी वाट बघतंय, कोन कवा इचारते."

दीड महिना सगळे या खोलीच्या बाहेर ओटीवर, फोनवर, स्वयंपाकघरात ठरवत होते. खोलीत येऊन कुणीच विचारलं नव्हतं. तीसुद्धा नाही.

"तिथं काचंमागं ठेवतान का?" गोजराबाईंनी विचारलं. "त्यांना ठेवला तसा?"

"नाय. जवळ बसायला देतात. आपल्यातलं एक माणूस कायम राहू शकतं."

"नाकान नली?"

"नाय. मी विचारलंय."

"न् मेल्यावर?"

"घरी आणू. या दारातूनच."

"मिथुनला हाक मार. त्याच्या तोंडातना आयकू दे."

मिथुन दारातच होता. तो आत आला पण खाटेपासून हातभर लांब उभा राहिला. गोजराबाईंनी त्याच्या गालावरचा ओरखडा बघितला.

"लागला का रं?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"माज्या पोरानं माजा धुवायचा नाय," त्या म्हणाल्या. "तेवरा नको. सुनेनं केला, लय केला. आता तिची पन कंबर मोरली. मना तिथं ने. पन मेल्यावर गावान आनायचा. बोल."

"आई, आणीन. पण पितृपक्ष चालू हाय. निदान घट..."

"घट बसले की दसरा बोलशील. मंग दिवाली. मना दिवालीपतूर दुखत ठेवशील का?" त्यांना दम लागला. जरा थांबून त्या म्हणाल्या, "पितरांना काय, ते माजीच मानसा हायत."

मिथुन खाली बसला आणि त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याची पाठ हलत होती. प्रिया बादली उचलून बाहेर निघाली तेव्हा गोजराबाई म्हणाल्या, "तू थांब. भागीरथीला बोलव."

भागीरथीकाकू संध्याकाळच्या दिवाबत्तीआधी आली. गोजराबाईंनी तिला जवळ बसवलं आणि मोठ्यानं, बाहेर ओटीवरच्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "मी चालली दवाखान्यान, तलोज्याला. माज्या मनानं चालली. सुनेनं नाय पाठवला, पोरानं नाय पाठवला. गावान कोन दुसरा बोल्ला तर तू सांग."

भागीरथीकाकूनं प्रियाकडे बघितलं, मग गोजराबाईंकडे. "सांगन," ती म्हणाली. तिला ते पटलं होतं असं नाही. पण तिनं पुढे गावात तसंच सांगितलं.

खाट तिसऱ्या दिवशी मिळाली. ते मधले दोन दिवस घरात कुणीच धड जेवलं नाही. मिथुननं दहा वेळा केंद्रात फोन केला. ज्या माणसानं दीड महिना तो नंबर खिशातून काढला नव्हता, त्याला आता एकेक तास मोठा झाला. प्रियाला वाटत होतं, मधेच काही झालं तर? आपण विचारायला एवढा उशीर केला, आणि आता ते दोन दिवस कमी पडले तर? चारू ऐरोलीहून रजा टाकून आली आणि आईचं सामान दोनदा भरून दोनदा काढलं.

ॲम्ब्युलन्स गल्लीत आली तेव्हा वरच्या माळ्यांवरचे भाडेकरू गॅलरीत उभे होते. मिथुननं वर बघितलं नाही. स्ट्रेचरची पुढची बाजू त्यानं स्वतः धरली.

पहिल्या दिवशी डॉ. वैदेहींनी औषधाचं माप ठरवलं, दुसऱ्या दिवशी वाढवलं. सिस्टरनं जखम धुऊन बांधली आणि हवेची गादी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी गोजराबाई सलग चार तास झोपल्या. प्रिया शेजारच्या स्टुलावर बसून होती. कानाला सवय झाली होती, त्यामुळे ती सारखी आवाजाची वाट बघत होती. आवाज आला नाही. हात चादरीवर उघडा, सैल पडला होता. तिला रडू आलं, आणि रडताना राग आला. हे एवढंच करायचं होतं. हे श्रावणात होण्यासारखं होतं.

चौथ्या दिवशी गोजराबाईंनी भाकरी मागितली. चारू तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण घेऊन आली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि प्रियाला म्हणाल्या, "चिंच जास्त झाली."

"चारूनं केलंय," प्रिया म्हणाली.

"तरी बोल्लू," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "तू करतंस ते बरा असते."

वीस वर्षांत त्या असं पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. प्रियानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ताट उचललं. त्याहून जास्त तिला तेव्हा जमलं नसतं.

दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, औषध बसलंय, न्यायचं असेल तर थोडे दिवस घरी न्या. मिथुनला केवढा आनंद झाला. तो खाटेजवळ वाकून म्हणाला, "आई, घरी जाऊ या. घट बसलेत आता. सगळं औषध सोबत देतायत."

गोजराबाईंनी त्याच्या गालावर हात ठेवला. ओरखडा केव्हाच भरला होता. "नको रं. हितं मना झोप येते."

मिथुन बाहेर जाऊन झाडाखाली गाडीला टेकून उभा राहिला. प्रिया मागोमाग गेली. "आपल्या घरात तिला झोप येत नाय," तो म्हणाला, "असं झालं ना याचं?" प्रियानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. परत आत आल्यावर मात्र तो स्टुलावर बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. फोन त्यानं बंद करून ठेवला होता. गोजराबाई झोपेतून जाग्या व्हायच्या, त्याच्याकडे बघायच्या आणि परत डोळे मिटायच्या. अधूनमधून देवजींच्या गोष्टी सांगायच्या, भरतीच्या वेळी बांध फुटून अख्ख्या हंगामाचं मीठ विरघळून गेलं त्याची. ही गोष्ट मिथुननं कधीच ऐकली नव्हती.

ललितापंचमीच्या सकाळी त्यांचा श्वास बदलला. सिस्टरनं येऊन सांगितलं, घरच्यांना बोलवा. मिथुन आणि जाई तिथेच होते. चारू तासाभरात पोचली. प्रिया त्यांचे केस विंचरत होती. दुखण्यानं केस विरळ झाले होते आणि फणीला काही लागत नव्हतं, तरी ती विंचरत राहिली. मिथुननं आईचा हात धरला होता. काचबीच काही मधे नव्हती. साडेदहाच्या सुमाराला एक श्वास आला आणि पुढचा आला नाही.

त्यांना गावात आणलं. ओटीवर ठेवलं. सगळं गाव आलं. कुणी काही म्हटलं असेल तर ते प्रियाच्या कानावर आलं नाही. तेरा दिवस भागीरथीकाकू रोज येऊन ओटीवर बसत होती, त्यामुळेही असेल.

दिवाळीला आठवडा राहिला होता, तेव्हाची गोष्ट. दिवाळी करायची नव्हतीच. दुपारचं जेवण झाल्यावर मिथुन खोलीत रिकाम्या खाटेचे नट सोडवायला बसला. भंगारवाल्याला द्यायची होती. पाना हातात घेऊन तो थांबला.

"प्रिया, आधी न्यायला पाहिजे होतं ना?"

नाही हो, तुमाला काय माहीत होतं, असं म्हणणं सोपं होतं. चारूला तिनं तसंच सांगितलं होतं, चारू फोनवर रडत होती तेव्हा. पण मिथुन तिच्याकडे सरळ बघत होता आणि तो धीर दे म्हणत नव्हता.

"हो," ती म्हणाली. "न्यायला पाहिजे होतं. आणि मी बोलायला पाहिजे होतं, बघून आले त्याच दिवशी."

त्यानं मान हलवली. "मी ओरडलो असतो तुझ्यावर."

"ओरडला असतात. तरी."

मग प्रिया पुढे आली आणि तिनं खाटेची दुसरी बाजू धरली. "हे जाम झालंय," ती म्हणाली. "तेल आणते, थांबा."